चौथं गाणं

मंगळवार, ४ मार्च

प्रयोगशाळेत रोज नोंदवही लिहितेच, त्यामुळे घरी येऊन आणखी लिहायची सवय मला नाही. आजपासून लिहिते आहे, कारण आज एक गोष्ट ठरली आणि ती ठरवताना मी फारसा विचार केला नाही. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

आत्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन नऊ दिवस झाले. आणखी पाच आठवडे धावपळ नाही. तीस वर्षं एकाच दैनिकासाठी फोटो काढणाऱ्या बाईला पलंगावर बसवून ठेवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. संपादकांचा फोन आला तेव्हा मी तिच्या पायाखाली उशी सरकवत होते. या महिन्यात गाण्याचे दोन कार्यक्रम आहेत आणि बदली माणूस नाही, असं त्यांचं म्हणणं.

"आहे की," आत्या फोनवर म्हणाली. "माझ्या भावाची मुलगी. भिंगांतली इंजिनिअर आहे."

मी भिंगं तपासते. भिंगात दोष किती ते मोजते आणि प्रमाणपत्रावर सही करते. भिंगातून मी आजवर पाहिला आहे तो फक्त काळ्यापांढऱ्या चौकटींचा तक्ता. हे मी तिला सांगितलं.

"तक्ता हलत नाही, माणूस हलतो. एवढाच फरक."

मी हो म्हटलं. कारण अजून सापडलेलं नाही.

शनिवार, ८ मार्च

पहिला कार्यक्रम झाला. दुपारचा होता, पाच जणांचा बँड.

मंच आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्यामध्ये एक बोळ असतो. रुंदी १४० सेंटिमीटर. त्यात आम्ही नऊ फोटोग्राफर. दारावरच्या रक्षकाने नियम सांगितला: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. गाणी तो डाव्या हाताच्या बोटांवर मोजतो. सुरुवातीला नुसती वाद्यं वाजली, ते मी गाणं धरलं नाही. त्याने धरलं. त्यामुळे माझ्या वाट्याला दोनच आली. पहिल्यात मी कॅमेऱ्याचे आकडे जुळवत होते.

एकूण फोटो ४१२. वापरण्याजोगे ३. बाकीच्यांत गायकाच्या नाकपुड्या स्पष्ट आहेत, डोळे अस्पष्ट.

"नाकाच्या डॉक्टरांना पाठव," आत्या म्हणाली. "ते फ्रेम करून लावतील." हसताना तिने गुडघा धरून ठेवला होता.

बोळात माझ्या शेजारी दुसऱ्या दैनिकाचे एक वयस्क फोटोग्राफर होते. त्यांची लेन्स माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी लांब, म्हणून आत्याने त्यांचं नाव तोफकाका ठेवलं आहे. बाहेर काढल्यावर ते म्हणाले, "जेवायला बोलवायचं आणि पानात वाढलं की उठवायचं, असा हा धंदा आहे, पोरी. मी बावीस वर्षं नुसती चटणी-मिठावर काढली."

बाहेर पडताना मी मंचाच्या कडेला माझ्या मीटरने उजेड मोजला. मागून कोणीतरी विचारलं, "किती आला?"

"एकशे ऐंशी लक्स."

"बरोबर. पहिल्या तीन गाण्यांना मी एवढाच देतो. खरे दिवे चौथ्यापासून."

हा लाइटवाला. मी कारण विचारलं. "सगळं आधीच दाखवलं तर पुढे काय दाखवू?" तो म्हणाला. सहा वर्षांत त्याच्या खऱ्या दिव्यांचा एकही फोटो कुठल्या पेपरात आलेला नाही. तक्रार म्हणून सांगत नव्हता, आकडा म्हणून सांगत होता. आकडे सांगणारा माणूस बोलायला सोपा जातो. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण आहे, साधारण दोन सेंटिमीटर. (ही नोंद अनावश्यक आहे.)

मंगळवार, ११ मार्च

बावीस तारखेच्या कार्यक्रमासाठी गायिकेच्या कंपनीने एक कागद पाठवला होता. सही केल्याशिवाय प्रवेश नाही. संपादकांच्या कचेरीतून तो काल घरी आला, दैनिकाची फोटोग्राफर म्हणून आत्याने सही केली, तो परतही गेला. मी आज त्याची प्रत वाचली. चार पानं, अकरा कलमं.

सातवं कलम असं: "सही करणाऱ्या व्यक्तीने कलाकाराची यापूर्वी काढलेली व यापुढे काढावयाची सर्व छायाचित्रे मूळ प्रतींसह कंपनीच्या मालकीची राहतील व मागणी होताच जमा करण्यात येतील."

मी ते तीनदा वाचलं. मग आत्याच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. ही गायिका एकोणीस वर्षांची असल्यापासून आत्या तिचे फोटो काढते आहे. एक्केचाळीस पाकिटं आहेत, निगेटिव्हची.

"आत्या, हे वाचलंस का?"

"वाचायचं काय त्यात? पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही."

"सातवं कलम."

"शहाणे, व्यायामवाली बाई माझा गुडघा वाकवत होती. त्या वेळी तिने पुढे केलं असतं तर मी स्वतःच्या मृत्युपत्रावरही सही केली असती."

मी कलम मोठ्याने वाचलं. ती हसली. मग हसायची थांबली. "यापूर्वी काढलेली म्हणजे?"

"यापूर्वी काढलेली."

"सगळी?"

"सगळी."

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली, आणि बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. मी चहा केला. साखर घालायची राहिली. तिने ते सांगितलं नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

गुरुवार, १३ मार्च

मागणी झाली. मंचामागच्या मोठ्या पडद्यावर कंपनीला गायिकेचा तरुणपणीचा फोटो हवा आहे आणि तसा फोटो फक्त आत्याकडे आहे. "कलम सातनुसार" सर्व मूळ प्रती वीस तारखेपर्यंत जमा कराव्यात, असं पत्र आलं.

संपादकांच्या वकिलांनी सांगितलं की न्यायालयात हे कलम टिकणार नाही. किती दिवसांत ते सिद्ध होईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, तीन वर्षं धरा.

शुक्रवार, १४ मार्च

अर्धा दिवस रजा घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. मॅनेजर चाळिशीचा, दोन फोन, दोन्ही चालू. वाईट माणूस नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सातवं कलम खोडायला नकार दिला.

"ताई, आमचा मसुदा बदलत नाही. आणि आजवर कोणी काही म्हटलेलं नाही."

"कोणी वाचलेलं नाही म्हणून."

"तेच तर म्हणतोय. कोणाला त्रास नाही."

तोफकाकांना फोन केला. त्यांनी याच कागदावर आजवर अकरा वेळा सही केली आहे. "सातवं कलम? मला वाटलं दोनच पानं आहेत." मग म्हणाले, "माझ्या सासूबाई मला म्हणायच्या, जावईबापूंना अक्षर दिसतं, अर्थ दिसत नाही. तेव्हा राग यायचा."

रविवार, १६ मार्च

आज आत्याने कपाट उघडायला लावलं. "जायचीच असतील तर एकदा बघून घेऊ." प्रयोगशाळेतून उजेडाची पेटी आणली होती, ती पलंगावर आडवी ठेवली आणि आम्ही पाकिटामागून पाकीट पाहिलं. सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन.

पाकिटांवर नाव किंवा तारीख नाही. आत्याची स्वतःची भाषा आहे. "गळकं छप्पर." "माइक बंद." "हिरवा सदरा, तबलजी रुसला." मी तिला म्हटलं, ही काय पद्धत आहे?

"तारखा मला आठवत नाहीत. रुसलेला माणूस आठवतो."

कंपनीला हवा असलेला फोटो "पेट्यांमध्ये झोपली" या पाकिटात निघाला. दोन मोठ्या स्पीकरच्या पेट्यांमधल्या फटीत एकोणीस वर्षांची मुलगी घडी घातल्यासारखी झोपली आहे, हातात गाण्यांची वही. त्या दिवशी बस चुकल्यामुळे ती सहा किलोमीटर चालत आली होती. आत्याने आधी तिच्या अंगावर स्वतःचा कोट घातला, मग फोटो काढला. "आधी कोट," आत्या दोनदा म्हणाली. "नाहीतर तो फोटो चोरीचा झाला असता."

पेटीचा उजेड डोळ्यांना जास्त होत होता, म्हणून मी जरा खिडकीपाशी गेले.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. पाकिटं कंपनीच्या ताब्यात गेली तरी "माइक बंद" म्हणजे काय हे त्यांना कळणार नाही. बावीस तारखेपर्यंत पडदा छापायचा आणि एक्केचाळीस पाकिटांत झोपलेली मुलगी शोधायची, तर आत्याच हवी. म्हणजे त्यांनाही आमची गरज आहे. आणि आमच्या प्रयोगशाळेत पोचपावतीवर सही झाल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा जागचा हलत नाही.

मी पोचपावती लिहायला घेतली. कंपनीचीच भाषा घेतली, फक्त बाजू बदलल्या. एक: हे एकच छायाचित्र, या एकाच कार्यक्रमात, या एकाच पडद्यावर. दोन: खाली छायाचित्रकाराचं नाव, पाच मीटरवरून वाचता येईल असं. तीन: आधीच्या कागदातलं सातवं कलम आत्यासाठी आणि सही केलेल्या सर्व वृत्तछायाचित्रकारांसाठी रद्द.

"एवढंच?" आत्या म्हणाली.

"एवढंच हवं आहे ना?"

"मागायचंच तर पोटभर माग की. लिही. चार: फोटोग्राफर शेवटच्या गाण्यापर्यंत बोळात थांबतील."

"ते कधीच मानणार नाहीत."

"नाही मानलं तर खोडतील. त्यांना काहीतरी खोडायला द्यावं, पोरी. माणसाला जिंकल्यासारखं वाटतं."

हे मला पटलं. चौथं कलम लिहिलं.

बुधवार, १९ मार्च

झाल्या गोष्टीची नोंद शक्य तितक्या अचूकपणे करते.

मॅनेजरच्या टेबलावर मी कागद ठेवला, पाकीट हातातच ठेवलं, आणि म्हटलं, "वाचून सही करा." तो डाव्या कानाने खुर्च्यांबद्दल आणि उजव्या कानाने ट्रकबद्दल बोलत होता. "तुम्हीच वाचा, ऐकतोय."

मी वाचलं. पहिल्या कलमाला मान हलली. दुसऱ्याला "हो हो". तिसऱ्याला तो म्हणाला, "नाही नाही नाही, लाल खुर्च्या सांगितल्या होत्या." तो नकार खुर्च्यांना होता, हे मी विचारून घेतलं. चौथं कलमही मी पूर्ण वाचलं. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. वेग थोडा वाढला असेल.

त्याने सही केली. शिक्काही मारला.

"चौथं कलम एकदा पुन्हा बघा," मी म्हटलं. हे मी खरोखर म्हटलं.

"ताई, मी दिवसाला चाळीस कागदांवर सह्या करतो. प्रत्येक वाचत बसलो तर गाणं पुढच्या वर्षी होईल. फोटो द्या, छापखाना बंद होईल."

मी फोटो दिला. कचेरीतून बाहेर आल्यावर जिन्याच्या अकरा पायऱ्या मी दोन-दोनने उतरले. जिना खराब होता असं काही नाही.

आत्याला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की व्यायामवाल्या बाईने आजचा व्यायाम झाला असं समजून सुट्टी दिली.

मला मात्र हे पूर्ण स्वच्छ वाटत नाही. त्याने वाचलं नाही ही त्याची चूक. पण तीच चूक आत्याने केली तेव्हा मी मनात कंपनीला चोर म्हटलं होतं. मी त्याला संदेश पाठवला: "चौथ्या कलमामुळे फोटोग्राफर शेवटपर्यंत थांबणार आहेत. हरकत असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवा." त्याने अंगठा पाठवला.

आता स्वच्छ वाटतं.

गुरुवार, २० मार्च

लाइटवाला प्रयोगशाळेत आला होता. बावीस तारखेलाही दिवे त्याचेच, म्हणून गाण्यांची यादी आणि प्रत्येक गाण्याचे दिवे कागदावर लिहून आणले होते. हे फोनवर पाठवता आलं असतं. पण छापील कागद जास्त सोयीचा असतो, त्यामुळे चाळीस मिनिटांचा प्रवास समजण्यासारखा आहे. त्याला तक्ता दाखवला, भिंग बसवायचं यंत्र दाखवलं. त्याने एकवीस प्रश्न विचारले, त्यांतले एकोणीस चांगले होते.

बॉसनी नंतर विचारलं, "कोण होते?" मी म्हटलं, कामाचे. ते म्हणाले, "असं होय," आणि शीळ घालत गेले. त्यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

शनिवार, २२ मार्च

कार्यक्रम दुपारी साडेतीनला सुरू झाला. आत्या दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पाय स्टुलावर. मागच्या पडद्यावर पेट्यांमध्ये झोपलेली मुलगी, सात मीटर उंच, आणि खाली आत्याचं नाव. ती ते बघत होती. मी तिचा फोटो काढला नाही, कारण तिचा चेहरा रुमालात होता.

तीन गाणी झाली. रक्षकाने तीन बोटं मिटली आणि दार उघडलं. बाकीचे सवयीने बॅगा उचलू लागले. मी त्याच्या हातात कागद दिला.

या सगळ्या प्रकरणात कागद पूर्ण वाचणारा तो पहिला माणूस. टॉर्च काढली, बोट ठेवलं, आणि ओठ हलवत चारही कलमं वाचली. मग शिक्का नखाने घासून पाहिला. "सही साहेबांचीच आहे," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं. "थांबा."

"किती वेळ?" तोफकाका म्हणाले.

"शेवटपर्यंत लिहिलंय."

दोन मिनिटांत मॅनेजर धावत आला. रक्षकाने त्याच्यापुढे त्याचीच सही धरली. चौथं गाणं अगदी हळू होतं, त्यामुळे त्याला ओरडता येईना. तो माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, हे काय?"

"कलम चार. संदेशही पाठवला होता. तुम्ही अंगठा पाठवलात."

"मला वाटलं खुर्च्यांचं आहे!"

तेवढ्यात दिवे बदलले.

हे कसं लिहावं कळत नाही. मोजमाप आहे: १८० वरून ९४० लक्स, डावीकडून, उबदार. पण त्याने काही कळत नाही. मॅनेजर बोलायचा थांबला, एवढं लिहिते. तो वर बघत राहिला. हा माणूसही चौथ्या गाण्याच्या वेळी नेहमी कुठेतरी ट्रक मोजत असणार.

आमच्यातल्या कोणालाच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं सगळे अकरा-बारा मिनिटांत धावून काम उरकत आलेले. आता घाई नव्हती. सहाव्या गाण्याला कॅमेऱ्यांचा आवाज निम्मा झाला. तोफकाका तोफेच्या पेटीवर बसले. "बावीस वर्षं हिचे फोटो काढतोय," ते म्हणाले. "ही गाते चांगलं, हो!"

सातव्या गाण्याच्या शेवटी गायिकेने खाली पाहिलं आणि माइकवर म्हणाली, "अरे, तुम्ही अजून इथेच?"

"शिक्का आहे, बाई!" रक्षक म्हणाला. सगळं सभागृह हसलं. ती तर इतकी हसली की आठवं गाणं दोनदा सुरू करावं लागलं.

नवव्या गाण्यात माझ्याकडून तीन मिनिटं चाळीस सेकंद एकही फोटो निघालेला नाही. नंतर बॅटरी तपासली, कार्ड तपासलं. दोष सापडला नाही.

शेवटच्या गाण्यात तिने माइक खाली घेतला आणि लोकांना गाऊ दिलं. केस कपाळाला चिकटलेले, मान मागे, चेहरा वरून येणाऱ्या उजेडात. लोक तिचं गाणं तिलाच ऐकवत होते आणि ती ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकत होती. एक फोटो घेतला. दुसरा घ्यायची गरज वाटली नाही.

बाहेर लाइटवाला उभा होता. "आला का?" त्याने विचारलं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. आम्ही दोघं तो बघत उभे राहिलो. अंदाजे दीड मिनिट. मोजलं नाही.

रविवार, २३ मार्च

मॅनेजरचा फोन. गायिकेने सकाळीच त्याला बोलावून सातवं कलम मसुद्यातूनच काढायला सांगितलं, आणि गाण्यांची अटही. "म्हणाल्या, खाली ओळखीचे चेहरे होते, बरं वाटलं." मग घसा साफ करून म्हणाला, "शेवटच्या गाण्याचा तुमचा फोटो आम्हाला मिळेल का?"

"कुठे वापरणार? किती दिवस?"

"कागद पाठवा, ताई. वाचतो."

दुपारी संपादकांचा फोन. पहिल्या पानावर घेत आहेत. आत्याच्या जागेवर काढलेला फोटो, तेव्हा नाव नेहमीप्रमाणे आत्याचंच घालू ना? मी म्हटलं, घाला, जागा तिची आहे.

आत्याने पलंगावरून फोन ओढून घेतला. "खबरदार! पंधरा दिवस मी कशासाठी जीव टाकला? ज्याने काढला त्याचा फोटो. मी काल तो काढला का? मी काल रडत होते!" फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आणि तू गं? दुसऱ्याच्या फोटोसाठी भांडायला वाघीण आणि स्वतःच्या वेळी शेळी?"

मी म्हटलं, मी बदली आहे.

"बदली," ती म्हणाली. "आरशात बघितलंस का कालपासून?"

बघितलं. काही वेगळं दिसलं नाही. हसत होते, एवढंच.

सोमवार, २४ मार्च

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पेपर आला. पहिलं पान, चार कॉलम. छपाई चांगली, काळा रंग किंचित दाट. फोटोखाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव.

दर शुक्रवारी अर्धा दिवस रजा मिळावी असा अर्ज लिहिला आहे. कारण: वैयक्तिक काम.

मग व्हर्नियर कॅलिपर काढून नावाच्या अक्षरांची उंची मोजली. १.९ मिलिमीटर. खात्रीसाठी पुन्हा मोजली. १.९.

"तिसऱ्यांदा मोजलंस तर ते यंत्र खिडकीतून फेकीन," आत्या म्हणाली.

तिसऱ्यांदा ती चहा ठेवायला उठल्यावर मोजली.